गाणे आपल्या ताब्यात हवे

संगणकावर गाण्यांच्या फायली उतरवून घेण्याचे आणि त्या जपत बसण्याचे दिवस संपले. महिन्याच्या क्षुल्लक वर्गणीत, आणि मध्ये मध्ये जाहिराती ऐकण्याची तयारी असेल तर वर्गणीवाचूनही, जगातील सारे संगीत खिशातल्या यंत्रावर हजर असताना घरात हार्ड डिस्कांची अडगळ कोणी आणि कशासाठी बाळगावी, असा एक विचार गेल्या काही वर्षांत आपल्या सुशिक्षित वर्गात इतक्या निर्धास्तपणे मांडला जातो आहे की, त्यावर हरकत घेणाऱ्याची गणना आपोआपच गतकाळाला कवटाळून बसणाऱ्यांत होते. हा विचार मांडणारे बहुतेक जण गाण्याचे वैरी नाहीत. त्यांतले कित्येक उत्तम श्रोते आहेत, मैफलींना आवर्जून जाणारे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याची उपेक्षा न करता त्याचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते; कारण अरसिकाच्या चुकीने संगीताचे फारसे बिघडत नाही, परंतु रसिकांनीच आपला संग्रह मोडीत काढला तर जे जाईल ते पुन्हा मिळण्याची हमी कोणालाही देता येणार नाही.

माझे म्हणणे असे की, ज्या संगीतावर आपला जीव आहे त्याची निदान एक पूर्ण प्रत, कोणाच्याही परवानगीवाचून उघडता येईल, वाजवता येईल, दुसऱ्या यंत्रात नेता येईल आणि पुढच्या पिढीच्या हाती देता येईल अशा साध्या फाइलच्या रूपाने, आपल्या घरच्या संगणकावर असली पाहिजे. स्ट्रीमिंगच्या सेवांशी माझे भांडण नाही. अपरिचित कलावंत ऐकून पाहण्यास त्यांच्यासारखे साधन पूर्वी कधी नव्हते, आणि त्यांचा उपयोग मीही करतो. भांडण आहे ते, त्या सेवा असल्यामुळे स्वतःजवळ काही ठेवण्याचे प्रयोजनच उरले नाही, या निष्कर्षाशी.

या निष्कर्षाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे ‘तेथे सर्व काही मिळते’ हे विधान. ते किती टिकाऊ आहे हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. स्पॉटिफाय ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली, आणि दोन महिन्यांच्या आत, परवान्यासंबंधीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर, सारेगामा कंपनीचा संग्रह तिला आपल्या यादीतून काढून घ्यावा लागला. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. ज्या तबकड्यांवर कुत्र्याचे आणि कर्ण्याचे चित्र असे, त्या तबकड्यांची वारसदार. मराठी माणसाच्या कानावर पिढ्यान् पिढ्या पडत आलेल्या भावगीतांचा, नाट्यपदांचा आणि अभंगांचा केवढा हिस्सा या एका कंपनीच्या दफ्तरी जमा आहे, हे जाणणाऱ्याला त्या निर्णयाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पुढे २०२० साली उभय पक्षांत करार झाला आणि गाणी परत आली, ही गोष्ट चांगलीच झाली; परंतु मधल्या काळात ती का नाहीशी झाली याचा, किंवा ती परत का आली याचाही, श्रोत्याच्या इच्छेशी कसलाच संबंध नव्हता. दोन व्यापारी संस्थांच्या हिशेबात जे जमेल ते त्याच्या कानी पडावे आणि जे जमणार नाही ते पडू नये, ही व्यवस्था त्याने वर्गणी भरून मान्य केली होती. ‘सर्व काही’ या शब्दांची मुदत अशी एखाद्या कराराच्या मुदतीइतकीच असते.

आणि हे तर सेवा चालू असताना घडले. सेवाच बंद पडली तर काय होते, याचे दाखलेही आपल्याकडे मुबलक आहेत. शिंदे बंधूंनी २००७ साली काढलेली, पुण्यात कचेरी असलेली ‘धिंगाणा’ ही सेवा २०१४ मध्ये टी-सिरीजने परवाना पुढे चालू न ठेवल्यावर थांबली. ती ज्या आर्‌डिओ नावाच्या अमेरिकन सेवेने विकत घेतली, ती सेवाही २०१५ साली दिवाळ्यात निघाली. गूगल प्ले म्युझिक २०२० साली गुंडाळले गेले. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेली आणि त्याच वर्षी एअरटेलने विंकही बंद केली. प्रत्येक वेळी ग्राहकाला एक सभ्य निवेदन मिळाले, कोठे कोठे याद्या दुसरीकडे हलविण्याची सोयही झाली. परंतु याद्या म्हणजे नावे, आणि ती नावे नव्या ठिकाणी सापडतीलच असा बंधनकारक लेख कोणी कोणाला लिहून दिलेला नव्हता.

याच्या शेजारी एक निराळे उदाहरण ठेवून पाहावे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे संगीताचे दुकान उघडले. तेथे एमपी३ फायली कसल्याही कुलुपावाचून विकल्या जात, आणि गिऱ्हाइकाने त्या आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाच्या असत. हे दुकान जून २०१३ मध्ये बंद झाले. धंदा म्हणून तो प्रयोग फसला हे उघड आहे. पण ज्यांनी तेथून गाणी विकत घेऊन उतरवून ठेवली होती, त्यांची ती गाणी दुकानाबरोबर बुडाली नाहीत. त्या फायली ज्यांनी सांभाळल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात, आणि त्या वाजविण्यासाठी फ्लिपकार्टला विचारावे लागत नाही. एका वर्गात दुकान गेले आणि माल राहिला, दुसऱ्या वर्गात दुकानाबरोबर मालही गेला. मालकी कशाला म्हणावे हे समजण्यास याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

येथे प्रतिपक्ष असे म्हणेल की, गाणे ‘डाऊनलोड’ करून ठेवण्याची सोय त्या सेवांतही आहे. ती सोय आहे, परंतु तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. स्पॉटिफायवर असे उतरविलेले गाणे टिकण्यासाठी तीस दिवसांतून निदान एकदा इंटरनेटशी जोडणी करून वर्गणी चालू असल्याची रुजवात घालावी लागते. ती फाइल कुलूपबंद असते, दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडत नाही, पेन ड्राइव्हवर नेली तर मुकी राहते. आपल्या डिस्कवर जागा आपली अडते आणि किल्ली दुसऱ्याकडे राहते, अशा वस्तूला ताबा म्हणता येत नाही.

या कुलपांचा इतिहासही विसरण्याजोगा नाही. ॲपलने एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर उघडले तेव्हा तेथील विकत घेतलेले गाणेदेखील ठराविक संख्येच्या संगणकांवरच वाजत असे, आणि संगीतावरील हे बंधन सरसकट उठविण्यास २००९ साल उजाडावे लागले. मायक्रोसॉफ्टने तर एप्रिल २००८ मध्ये जाहीर केले की, एमएसएन म्युझिकवरून ज्यांनी गाणी विकत घेतली आहेत त्यांना ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या दिल्या जाणार नाहीत. म्हणजे पूर्ण किंमत मोजलेले गाणे, संगणक बदलताच निकामी. मोठा गवगवा झाला म्हणून ती मुदत पुढे वाढविण्यात आली. सोनी बीएमजीने २००५ साली आपल्या सीडींमध्ये असा प्रोग्राम घातला होता की, ती सीडी संगणकात घालताच तो चोरपावलांनी विंडोजच्या पोटात जाऊन लपून बसे, कारण काय, तर गिऱ्हाइकाने फार प्रती काढू नयेत. पैसे देणाऱ्या रसिकावर इतका अविश्वास दाखविणाऱ्या व्यवसायाच्या हाती आपला संपूर्ण संगीतसंग्रह सोपवून आपण निश्चिंत व्हावे, असा सल्ला जे देतात त्यांनी हा इतिहास एकदा अवश्य तपासावा.

आता ध्वनीच्या गुणवत्तेकडे वळू. कारण ‘तुमची ती जुनी एमपी३ ऐकवत नाही’ असाही एक आक्षेप असतो, आणि त्यात काही अंशी तथ्य आहे. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट, मिनिटाला सुमारे १० एमबी. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने जी एमपी३ पद्धती सिद्ध केली ती या बोज्याचा अकरावा हिस्सा ठेवूनही गाणे ओळखीचे राखू शकते, कारण मोठ्या स्वराच्या छायेत झाकला जाणारा बारीक स्वर मानवी कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर ती तो बारीक स्वर टाकून देते. टेलिफोनच्या तारेवरून मुंगीच्या पावलांनी फाइल उतरत असे त्या काळात हे वरदानच होते. पण आपल्या संगीताचे मर्म पुष्कळदा त्या बारीक स्वरांतच असते. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे वरचे सहस्वर ही काही गाण्यामागची सजावट नव्हे, त्यांच्या प्रकाशात गवय्या आपला स्वर लावीत असतो. आणि १२८ किलोबिटांच्या दराने घाईघाईत केलेल्या फाइलमध्ये तो प्रकाश मंदावतो, तबल्याच्या चाटेवरील ‘ना’च्या आघाताआधीच एक पुसट सळसळ ऐकू येते, आणि लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्याची जाणीव होते. ३२० च्या दराने नीट केलेल्या फाइलमध्ये हा दोष बहुतेकांच्या कानाला जाणवत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु या आक्षेपाचे उत्तर घरातील संगणकावरच आहे. २००१ सालापासून फ्लॅक नावाची खुली पद्धती उपलब्ध आहे, जी ध्वनीतील एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्म्यावर आणते, आणि मूळ ध्वनीची एक गणिती मुद्रा फाइलच्या आरंभीच नोंदवून ठेवते, जेणेकरून वीस वर्षांनी आणि पाच डिस्का बदलल्यानंतरही ती प्रत शाबूत आहे की नाही याची खातरजमा संगणक काही क्षणांत करून देतो. अशी शहानिशा कोणत्या सेवेकडून करून मिळते? काही सेवा आता अशाच अखंड ध्वनीचा पुरवठा करू लागल्या आहेत, त्याबद्दल त्यांना धन्यवाद देऊ. पण त्यामुळे ताब्याचा प्रश्न जागच्या जागीच राहतो. आणि एमपी३ विषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. मे २०१७ मध्ये ‘एमपी३चा मृत्यू’ अशा मथळ्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या. वस्तुस्थिती अशी होती की, तिच्यावरील एकस्वाची मुदत संपली म्हणून फ्राउनहोफरने परवाने देण्याचे काम थांबविले. म्हणजे जी पद्धती तोवर काहींच्या मालकीची होती ती त्या दिवसापासून सर्वांची झाली. ज्याला मृत्यू म्हटले गेले ते वस्तुतः दास्यविमोचन होते.

माझ्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा विषय नोंदींचा आहे, आणि त्याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष होते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या सोयीसाठी गायक, गीत आणि अल्बम असे तीन रकाने पुरे पडतात. आपल्याकडे राग कोणता, ताल कोणता, बंदिश कोणाची, साथीला तबल्यावर आणि पेटीवर कोण, मैफल कोणत्या गावी आणि कोणत्या वर्षी, यांवाचून ध्वनिमुद्रणाची ओळखच पटत नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक आणि त्याच नावाचा २०१५ चा चित्रपट. एकातील पदे जितेंद्र अभिषेकींनी बांधलेली आणि वसंतराव देशपांड्यांनी गाजविलेली, दुसऱ्यात त्यांच्यातील काही पदे नव्या गळ्यांतून आणि नव्या रचनांबरोबर आलेली. ज्या यादीत संगीतकाराच्या आणि वर्षाच्या नोंदीला मान नाही, तिथे हा भेद नवख्या श्रोत्याला कोण सांगणार? सेवेच्या यादीतील चूक आपल्याला दिसते, पण दुरुस्त करता येत नाही. आपल्या फाइलवर मात्र आपला अधिकार चालतो.

या नोंदींची घडण किती परकी होती हे जवळून पाहण्यासारखे आहे. १९९६ साली एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची जी चिठ्ठी जोडण्याचा प्रघात पडला, तिच्यात कलावंताच्या नावाला अवघ्या ३० बाइटांची जागा होती. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ लिपिसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; ‘केसरबाई केरकर’ एवढे लिहावयाचे तर ३७ बाइट होतात, म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याच्या त्या थोर गायिकेचे नाव आपल्या लिपीत त्या चौकटीत मावतच नव्हते. संगीतप्रकारांची जी ठरलेली यादी त्या चिठ्ठीबरोबर आली तिच्यात पोल्का होता, ख्याल नव्हता. पुढे एमपी३च्या चिठ्ठीची सुधारलेली आवृत्ती आली, आणि फ्लॅकमध्ये तर आपल्याला हवे तितके रकाने निर्माण करता येतात. रकान्याचे नाव तेवढे रोमन अक्षरांत द्यावे लागते, त्यापुढचा मजकूर शुद्ध देवनागरीत लिहिता येतो. ‘राग’ या रकान्यासमोर ‘खंबावती’ असे आपण स्वतः लिहितो, आणि मग संगणकाला विचारताच आपल्या संग्रहातील सारे खंबावती, मग ते कोणत्याही घराण्याचे आणि कोणत्याही दशकातले असोत, एका ओळीत समोर येतात, तेव्हा तो संग्रह अभ्यासाचे साधन होतो. हे काम कंटाळवाणे आहे असे म्हणतात. मला ते तसे कधीच वाटले नाही. नोंद करावयाची म्हणून पुन्हा ऐकावे लागते, आणि पुन्हा ऐकणे हाच तर या छंदाचा हेतू आहे.

भैरवीविषयीही याच ठिकाणी बोलतो. मैफलीत भैरवी झाली की पुढे काही गायचे नसते, हा संकेत आपल्या प्रत्येक श्रोत्याच्या हाडीमांशी खिळलेला आहे. सेवांच्या यंत्रणेत मात्र एक गाणे संपले की आपोआप दुसरे सुरू होते; ती रीत बंद करता येते हे मला ठाऊक आहे, परंतु मुळात थांबणे हा अपवाद आणि वाजत राहणे हा नियम, अशी तिची रचना आहे, कारण आपण ऐकत राहण्यावर तिचा हिशेब उभा आहे. घरच्या संगणकावरील फोल्डरमध्ये विलंबितामागून द्रुत येते, शेवटी भैरवी येते आणि मग प्लेअर गप्प होतो.

आता चोरीचा आरोप. फायली उतरवून घेणे म्हणजे चोरी, असे समीकरण नॅप्स्टरच्या काळापासून, म्हणजे १९९९ पासून, लोकांच्या मनावर ठसविले गेले आहे. हयात कलावंताचे नवे ध्वनिमुद्रण फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून उचलणे मी निंद्यच मानतो. त्याने ज्याच्या गाण्यावर आपण प्रेम करतो त्याच्याच पोटावर पाय येतो. पण त्यावरून फाइल बाळगणेच गुन्हेगारीचे, हे कसे ठरते? बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलावंताला पैसे देऊन फ्लॅक फाइल राजरोस विकत मिळते. स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरून आपल्या संगणकावर प्रत घेता येते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला उचित उपयोग कलम ५२ खाली हक्कभंगातून स्पष्टपणे वगळतो. आणि त्याच दुरुस्तीने आलेले ६५अ हे कुलूप तोडण्याविरुद्धचे कलमदेखील, कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेल्या कृतीला वाट ठेवते. शिवाय ध्वनिमुद्रणावरील हक्क आपल्याकडे प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क आज उरलेला नाही. गीताच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क निराळा, त्याची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर मोजावी लागते, हे पथ्य सांभाळलेच पाहिजे. परंतु अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि सवाई गंधर्वांच्या त्या काळातील पारंपरिक बंदिशींच्या तबकड्या आज सार्वजनिक ठेवा आहेत, आणि सार्वजनिक ठेवा सांभाळणाऱ्याला चोर म्हणणे हा केवळ अन्याय होय.

जपणुकीच्या त्रासाचा मुद्दा राहिला. हार्ड डिस्क बिघडते, हे खरे. न सांगता बिघडते, हेही खरे. म्हणूनच एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, नातेवाइकाकडे किंवा विश्वासू स्नेह्याकडे, ही साधी शिस्त पाळावी. एका टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचे सुमारे ३,००० तासांचे संगीत फ्लॅक रूपात मावते. एवढ्या ऐवजासाठी वर्षातून एक रविवार खर्च करणे ज्यांना जड वाटते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेले सुरक्षित असते, या समजुतीला मायस्पेसचे उत्तर पुरेसे आहे. या संस्थेने २०१९ साली कबूल केले की, सर्व्हर हलविताना २०१६ पूर्वी लोकांनी तेथे ठेवलेले संगीत नष्ट झाले. ज्यांनी आपली प्रत घरी ठेवली नव्हती त्यांना दाद मागण्यास जागा राहिली नाही.

येथवर मी मालकी, ध्वनी आणि नोंदी यांविषयी लिहिले; परंतु माझ्या आग्रहाचा पाया यांच्याही खाली आहे. संगीत टिकते ते पुष्कळांच्या ताब्यात विखुरलेल्या प्रतींमुळे. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या आणि त्यांच्या थोड्याच तबकड्या निघाल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीत धाडण्याचे कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योजिले तेव्हा भारताच्या वतीने निवड झाली ती त्यांच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीची. पण तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली होती, आणि बरीच शोधाशोध केल्यावर तिच्या प्रती सापडल्या त्या न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात. कंपनीने जे छापणे थांबविले होते ते एका दुकानदाराच्या खोक्यात शिल्लक होते, म्हणून गोव्यातील केरी गावात जन्मलेल्या त्या बाईंचा स्वर आज सूर्यमालेच्या पलीकडे चालला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील आपले कितीतरी संगीत आज ऐकू येते ते असेच, खाजगी संग्राहकांच्या कपाटांमुळे आणि मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींच्या निष्ठेमुळे. ही मंडळी ‘कंपनीकडे आहेच की’ म्हणून स्वस्थ बसली असती, तर आज काय उरले असते?

आणि तबकडीच्या निदान शेकडो प्रती निघत. महाराष्ट्रात घरोघर पडून असलेल्या कॅसेटींचे तसे नाही. गणेशोत्सवातली मैफल, एखाद्या संगीत मंडळाचा कार्यक्रम, वाड्याच्या चौकात झालेली बैठक, आजोबांनी गुरूकडून घेतलेली शिकवणी. १९७० ते १९९० या दशकांत घरगुती टेपरेकॉर्डरवर घेतलेले हे ध्वनिमुद्रण जगात एकाच फितीवर आहे, कोणत्याही सेवेच्या यादीत ते नाही आणि येण्याचा संभवही नाही. प्रतिपक्षाच्या सर्व युक्तिवादांत या फितींसाठी एक वाक्यही मला आजवर आढळले नाही. ‘सर्व काही मिळते’ म्हणताना हे ‘सर्व’मध्ये धरलेलेच नसते.

फीत संगणकावर उतरविण्याचे काम सावकाशीचे आहे, पण अवघड नाही. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि ती ४५ मिनिटेच घेते. तेथे घाई चालत नाही. प्रथम फीत एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळून मोकळी करावी, बुरशी दिसली तर ती जाणकाराच्या हवाली करावी, डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसून घ्यावे. डेकच्या लाइन-आउटमधून निघालेली तार संगणकाच्या निळ्या लाइन-इन छिद्रात जोडावी, आणि लॅपटॉपला ते छिद्र नसेल तर यूएसबीचे छोटे साधन आणावे. माइकच्या छिद्रात तार खुपसल्याने आवाज फाटतो. ऑडॅसिटी हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. त्यात पातळी अशी ठेवावी की, गवय्याची वरच्या षड्जावरील पुकारही शून्य डेसिबलच्या रेषेच्या बरीच खाली राहील. सर्वांत मोठा मोह पुढे येतो, तो खरखर घालविण्याचा. हा प्रोग्राम सतत चालणारा आवाज नमुना म्हणून घेतो आणि तो सर्वत्र वजा करतो. मैफलीच्या फितीत सतत चालणारा आवाज तानपुऱ्याचाही असतो, आणि खरखरीबरोबर तोही पुसला जाऊन गायक एका निर्जीव पोकळीत गाऊ लागतो. म्हणून जशी आली तशी फाइल आधी फ्लॅकमध्ये जतन करावी, आणि काय साफसफाई करावयाची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावी. निवेदकाचे दोन शब्द, तबला मिळवितानाची हातोडी, मध्येच दाद देणारा श्रोता, यांतले काहीही कापू नये. कोण गाते आहे, केव्हा आणि कोठे, हे कॅसेटच्या खोक्यावरील फिकट अक्षरांवरून आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच दिवशी नोंदवावे, कारण ते सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घरच्या माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणाखाली अशा कॅसेटी असतील तर त्या या दिवाळीआधी खाली काढा. डेक नसेल तर गावातील रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करा, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारा. एक फीत उतरवा, तिची प्रत गाणाऱ्याच्या कुटुंबीयांना द्या, एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे पाठवा, आणि मग दुसरी फीत हाती घ्या.